तीन ओंजळी लाह्या

माझ्या बहिणीला दमा होता. हे एवढं साधं वाक्य आमच्या घरात कधी कुणी मोठ्यानं उच्चारलं नाही, आणि आज या वयात लिहितानासुद्धा माझा हात जरा थबकला. आम्ही त्याला 'ते' म्हणायचो. तिचं ते परत सुरू झालंय, असं आई चुलीपाशी पुटपुटायची, आणि शेजारीण दारात आली की त्याच 'ते'ची थंडी व्हायची, नाहीतर पोटात गॅस व्हायचा. गॅस चालायचा आमच्याकडे. दमा चालत नव्हता.

ती माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षी जन्मली, म्हणून वडील तिला लाडानं स्वतंत्र बाय म्हणायचे. आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून वर चढणीवर. बसमधून उतरलं की काजूंच्या बागेतली तांबडी पायवाट, सरळ उभी. मी कॉलेजातून यायचो, ती शाळेतून यायची, आणि आईचा हुकूम असा की दोघांनी मिळूनच वर यायचं. ती पन्नास पावलांवर थांबायची. दप्तर खाली ठेवायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची आणि मान खाली घालून उभी राहायची. मला याचा भयंकर राग यायचा. माझे मित्र पुढे निघून गेलेले असायचे आणि मी इथं हिचं दप्तर सांभाळत उभा. "चल गो, मेलंस काय?" असं मी म्हणायचो. ती बोट वर करून सांगायची की जरा थांब. तोंडानं बोलायला तिच्याकडे तेवढा श्वासच नसायचा, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंही, पण रागावलेल्या माणसाला कळलेलं उपयोगी पडत नाही.

त्या चढणीवर एक गोष्ट मात्र मी शिकलो, जी आईलाही येत नव्हती. तिचा श्वास कधी बिघडणार हे मी आधी ओळखायचो. पहिल्यांदा तिची वाक्यं लहान व्हायची. मग नुसते शब्द उरायचे. मग गळ्याखालची, दोन्ही हाडांमधली खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जायची आणि खांदे वर चढायचे. शिटी ऐकू यायची ती सगळ्यात शेवटी. लोकांना वाटतं शिटी वाजली की दमा सुरू झाला. छे, शिटी वाजेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. हे ज्ञान मला होतं हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे घडलं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

घरचे उपाय सगळे झाले. अडुळशाचा काढा, आलं-मध, छातीला कोमट तेल. आई दिष्ट काढायची. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, तेही तिच्या खोलीच्या दाराशी, आणि घरभर ठसका उठला की लेक आणखी गुदमरायची. मिरच्यांचा वास आला म्हणजे दिष्ट नव्हती, नाही आला तर होती, असा हिशेब. वास हमखास यायचा. मग आई म्हणायची, दिष्ट नाही, म्हणजे थंडीच आहे.

शेवटी वडील गेल्यावर, मी नोकरीला लागल्यावर, मीच तिला म्हापशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी तेव्हा डिचोलीच्या बाजूला एका खाणीवर काट्यावर कारकून होतो. लोखंडाच्या मातीनं भरलेले ट्रक काट्यावर चढायचे, मी वजनं लिहायचो आणि दोन ट्रकांच्या मध्ये सिगरेट ओढायचो. डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी तिला काही न विचारता आधी मला विचारलं की हिचा त्रास आत घेताना असतो की बाहेर सोडताना. मी म्हटलं, अर्थात घेताना, श्वास मिळत नाही ना तिला. ते म्हणाले, नाही. तिला सोडता येत नाही. नळ्या आवळतात, वापरलेली हवा आत अडकून बसते, मग नव्या हवेला जागा कुठली? म्हणून घाईघाईनं आत ओढू नये, आधी सावकाश बाहेर सोडावं. गरम पेजेवर फुंकर घालतो ना आपण, ओठांचा चंबू करून, तसं. पुढं वाकून बसावं, कोपरं गुडघ्यांवर. आणि मग त्यांनी खणातून तो निळा पंप काढला.

पंप वापरायचा कसा हे त्यांनी दोनदा दाखवलं. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरायचा, दाबता दाबता श्वास सावकाश आत ओढायचा, दहा आकडे श्वास धरून ठेवायचा. एक मिनिटानं दुसरा. याची सवय लागत नाही, हे शेवटचं औषध नव्हे, ही साधी गोष्ट आहे, नेहमी जवळ ठेवा, असं ते म्हणाले. नेहमी जवळ, हे दोनदा म्हणाले. बहीण मान डोलवत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला सांगत होतं की तू नाटक करत नाहीस. परतीच्या बसमध्ये ती जनेलाशी, खिडकीला लागून बसून एकटीच हसत होती. मी मात्र सगळा वेळ हाच विचार करत होतो की ही निळी वस्तू बसमध्ये कुणी बघितली तर नाही ना.

आता सोयरिकीचं सांगतो. तिची दोन स्थळं मोडली होती. पहिल्यांदा कारण कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. आमच्याच वाडीवरच्या कुणीतरी तिकडं कानात सांगितलं होतं की मुलीला 'ते' आहे. मी त्या माणसाच्या दारात जाऊन भांडून आलो. खोटं बोलतोस म्हणून त्याच्या सात पिढ्या काढल्या. खोटं तो बोलला नव्हता, हे त्याला माहीत, मला माहीत. तरी मी एवढ्या तावानं ओरडलो की घरी येईपर्यंत माझा मलाच विश्वास बसला.

तिसरं स्थळ डिचोलीचं. मुलगा शाळामास्तर, सावंतवाडीकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, माणसं साधी. माझ्या काट्यावरच्या एकानं सुचवलं होतं. ते बघायला यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी बहीण माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सांगूया रे त्यांका. मागीर कळलां तर?"

मी म्हटलं, "सांग. आणि ऱ्हव घरात जन्मभर."

हे वाक्य मी बोललो. चिडून नाही, ओरडून नाही, वर्तमानपत्र वाचता वाचता बोललो. ती उठून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायच्या आधी मी तिला चुलीमागे उभं करून पंपाचे दोन झोत दिले, म्हणजे तासभर तरी निभावेल. बाहेर मुलाच्या काकांनी सहज विचारलं, तब्येतीचं काही नाही ना? मी म्हणालो, आमच्या बायला आजवर साधी सर्दी झालेली नाही. आई खाली मान घालून साडीचा काठ चोळत बसली. मुलगा तेवढा तिच्याकडे बघत होता, आणि तो बरा माणूस आहे हे मला त्याच वेळी कळलं. ते कळूनही मी थांबलो नाही.

लग्न माघात ठरलं. आंब्याला मोहर, काजूला मोहर, म्हणजे तिच्या छातीला वर्षातला सगळ्यात वाईट महिना. मुहूर्त तोच निघाला आणि मी काय कारण सांगून बदलून घेणार होतो? दारात माडाच्या चुडतांचा, झावळ्यांचा माटव, म्हणजे मांडव घातला. माझी हौस अशी की माटवाच्या तिन्ही उघड्या बाजूंना मी पांढरं कापड लावून घेतलं. फोटोत छान दिसावं म्हणून. वारा यायला जागा ठेवली ती फक्त पाहुणे आत यायच्या वाटेपुरती. कापड लावणारा म्हणालासुद्धा, की शेट, धूर बाहेर पडायचा नाही. मी म्हटलं, तुला कापड लावायला बोलावलंय.

त्या दिवशी सकाळी तिला शालू नेसवत होते तेव्हा तिनं मला आत बोलावलं. पंप कुठं ठेवू, असं विचारलं. तिच्या मनात होतं की पाठराखीण म्हणून बसणाऱ्या मावसबहिणीकडे तो द्यावा, ती जवळच असेल. मी म्हटलं, वेडी आहेस का? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दे इकडे. लाह्या द्यायला भाऊ म्हणून मलाच होमापाशी उभं राहायचं होतं, तेव्हा माझ्याइतकं जवळ दुसरं कोण असणार? मी पीतांबर नेसलो होतो, खिसा नव्हता. पंप कनवटीला खोचला आणि वर उपरणं घट्ट बांधलं. म्हटलं, "तू फकत माझ्याकडे बघ. मी आसंय गो."

तिनं मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता. हे लिहायलाही नको वाटतं, पण होता.

आमच्याकडे लग्नात लाजाहोम असतो, बऱ्याच मराठी घरांत असतो. नवरी ओंजळ पुढं करते, नवरा तिच्या ओंजळीखाली आपले हात धरतो, आणि नवरीचा भाऊ त्या ओंजळीत लाह्या घालतो. ती त्या अग्नीत सोडते. असं तीनदा. दर वेळी अग्नीला फेरा. अर्थ असा सांगतात की माहेरच्या हातून घेऊन ती सासरच्या अग्नीला देते. मग भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरा त्याला आहेर देतो. सगळे हसतात. मोठा गमतीचा भाग असतो तो.

समिधा ओल्या होत्या. भटजींनी तूप ओतलं, फुंकणीनं फुंकलं, आणि जो धूर उठला तो चुडतांना जाऊन लागला आणि तिथंच राहिला. पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसायला लागली. बहीण पाटावर बसली होती, तेव्हाच तिचे शब्द संपले होते. भटजी मंत्र सांगून तिला म्हणायला लावत होते ते ती नुसते ओठ हलवून म्हणत होती. मी तिच्या गळ्याकडे बघितलं. मुंडावळ्या, हार, त्याच्या वर ती खळगी. आत, बाहेर. आत, बाहेर.

पहिल्या ओंजळीला ती उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मला दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. हातभर अंतरावर होती ती. धुरानं डोळ्यांत पाणी होतं दोघांच्याही, पण त्या बघण्यात काय होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. एका क्षणाचं काम होतं. उपरणं सोडायचं, हात घालायचा, पंप काढून तिच्या हातात द्यायचा. मंत्र थांबले असते. ऐंशी-नव्वद माणसांनी माना वर केल्या असत्या. पहिल्या रांगेत कदेलांवर, हातांच्या खुर्च्यांवर, तिचे चुलतसासरे बसले होते, ज्यांना मी सर्दीसुद्धा नाही म्हणून सांगितलं होतं. मी मनात मोजलं. तीन ओंजळी. मग सात पावलं. पंधरा मिनिटं. एवढं निभावून नेईल ती, याआधी किती वेळा निभावलंय. हात माझा कनवटीकडे गेलाच नाही. तिनं ओंजळ पुढं केली होती, मी त्यात लाह्या घातल्या.

दुसऱ्या ओंजळीलाही ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हातांतल्या लाह्या थरथरून खाली सांडत होत्या आणि नवऱ्यानं आपले हात तिच्या हातांखाली आणखी घट्ट धरले. त्यानं माझ्या कानाशी वाकून सांगितलं की हिला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, सकाळपासून उपाशी आहे ना, होतं असं. तिसऱ्या ओंजळीला तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली अग्नीकडे बघत होती.

मग मी नवऱ्याचा कान पिळला. चांगला जोरात पिळला आणि काहीतरी विनोद केला, आज आठवत नाही कोणता. लोक हसले. मीही हसलो. तो हसला नाही, त्याचं लक्ष तिच्याकडे होतं.

सप्तपदीच्या चौथ्या पावलाला ती खाली बसली. पडली म्हणणं बरोबर नाही, अगदी सावकाश बसली, म्हाताऱ्या बाया बसतात तशी, आणि पुढं वाकून कोपरं गुडघ्यांवर टेकली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसंच. ओठ जांभळट दिसत होते. आता मात्र माझे हात चालायला लागले. उपरणं सोडलं, पंप ओढून काढला, हलवला, तिच्या तोंडाला लावून दाबला. औषध पांढऱ्या वाफेसारखं तिच्या तोंडातून तसंच बाहेर आलं. आत ओढायला तिच्याकडे श्वासच उरला नव्हता. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पंप उपयोगी पडायची वेळ पहिल्या ओंजळीची होती.

नवऱ्यानं तिला उचललं. वऱ्हाडाच्या गाडीत मागच्या सीटवर तिला सरळ बसवून तिच्या पाठीला आपली छाती लावून तो बसला, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. इस्पितळ जवळ होतं म्हणून ती वाचली. हे 'म्हणून' मी आजवर कितीदा मनात म्हटलं असेन त्याला गणती नाही. ऑक्सिजन लावला, शिरेत इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

बाहेर बाकावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. अजून मुंडावळ्याच होत्या कपाळावर, काढायचं भान नव्हतं. त्याच्या हातात तो निळा पंप होता, गाडीत माझ्या हातून पडलेला.

"हे तुमच्या कमरेला होतं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. कधीपासून, असं त्यानं विचारलं. सकाळपासून, म्हटलं. मला वाटलं हा आता उठून जाईल, आणि खरं सांगतो, जावा असं वाटत होतं. त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं तो पंप उलटासुलटा करून बघितला.

"मला दाखवा कसं वापरायचं ते," म्हणाला.

मी दाखवलं. हलवायचा, श्वास सोडायचा, दाबायचा, दहा मोजायचे. मास्तर होता, त्यानं मलाच परत सांगून दाखवलं, चुकलं तर सांगा म्हणून.

इकडं माटवात वेगळंच चाललं होतं. दोन चुलतसासरे न जेवता निघून गेले होते. एक म्हणत होते, सात पावलं झालेली नाहीत, चारच झालीत, म्हणजे लग्न लागलेलं नाही, अजून परत फिरता येतं. आई कोपऱ्यात बसून होती. दिवेलागणीच्या आधी आम्ही तिघं परत आलो तेव्हा नवरा सरळ भटजींकडे गेला आणि म्हणाला, उरलेली तीन पावलं घालायचीत. भटजी म्हणाले, अग्नी लागतो. तो म्हणाला, निरंजन लावा. आणि ते कापड काढा सगळं. मग कापड निघालं, तुळशीजवळ मोकळ्या हवेत निरंजन ठेवलं, आणि बहिणीनं त्याच्या हाताला धरून तीन पावलं टाकली. प्रत्येक पावलानंतर तो थांबायचा, ती ओठांचा चंबू करून श्वास सोडायची, मग पुढचं पाऊल. भटजींनीही घाई केली नाही. मी दाराआड उभं राहून बघितलं. पुढं जायचा धीर झाला नाही.

जमलेल्या माणसांनी विचारलं तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता, ओल्या समिधांचा धूर लागला हो, दुसरं काही नाही. म्हणजे माझं खोटं त्यानं माझ्यासाठी पुढं चालवलं. माझ्या कमरेला काय होतं, हे त्यानं आपल्या आईलाही सांगितलं नाही. मी त्याच्यासमोर नंतर कधी ताठ मानेनं बसलो नाही. तो कधी काही बोलला नाही, त्यामुळे तर मुळीच नाही.

बहिणीचा संसार चांगला झाला. डिचोलीच्या त्यांच्या घरासमोरून खाणीचे ट्रक जायचे, घरात सगळीकडे तांबडी धूळ. ती ट्रकांच्या वेळांना खिडक्या लावून घ्यायची, ओल्या फडक्यानं पुसायची, केरसुणी नवरा हाती घेऊ देत नसे. पंप तिच्या मंगळसूत्राइतकाच उघड. बाजारात, देवळात, कुणाच्या बारशाला, लागला की पर्समधून काढायची, दोन झोत घ्यायची आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं चालू करायची. लोकांनी बघितलं, दोन दिवस बोलले, मग सोडून दिलं. बस्स, एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी माझ्या बहिणीला अग्नीसमोर गुदमरू दिलं होतं.

आता माझं. चाळीस वर्षं सिगरेट आणि पंचवीस वर्षं काट्यावरची धूळ. साठी उलटल्यावर घराची चढण मला मोठी व्हायला लागली. मी थांबायचो, पण दम लागला म्हणून नाही हं. चपलेचा अंगठा नीट करायला थांबायचो. काजूला मोहर कसा आलाय ते बघायला थांबायचो. एकदा बहीण आली होती, माझ्यामागून चढत होती, आणि तिनं बघितलं की तीनशे पावलांत मी पाच वेळा चप्पल नीट केली. वर आल्यावर तिनं काही न विचारता माझ्या गळ्याकडे बघितलं. मी सदऱ्याचं बटण लावून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात ती मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. नळ्या कडक झाल्यात, त्या काही परत मऊ होणार नाहीत, पण सांभाळून राहिलात तर चालतेबोलते पुष्कळ वर्षं काढाल, असं ते म्हणाले. सिगरेट त्या दिवशी सुटली. पंप मिळाला.

मी तो आणून कपाटात कपड्यांखाली ठेवला. सुनेला दिसू नये म्हणून. माणूस शिकत नाही म्हणतात ते काय उगीच?

बहिणीला हे कळल्यावर ती डिचोलीहून बस पकडून आली. माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण आल्या आल्या मला लहान पोरासारखं सोप्यावर बसवलं. पुढं वाक. कोपरं गुडघ्यांवर. खांदे सैल सोड, ते काय उचलून धरलेस? चढणीला दोन पावलं श्वास घे, चार पावलं सोड, सोडतानाचा नेहमी लांब. थांबावंसं वाटलं तर उघड थांब, चप्पल बघायची नाटकं नकोत. आंघोळीला पाट घेऊन बस. जेवताना बोलू नको, एरवी किती बोलतोस ते पुरे आहे. तिला सगळं येत होतं. कुणी डॉक्टरनं सांगावं त्यापेक्षा नीट, कारण तिनं ते स्वतःच्या छातीवर शिकलेलं होतं. मग पंप हलवून माझ्या हातात दिला. मी पहिला झोत घेतला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिट मोजत होती आणि मजेत आली होती. म्हणाली, एकेकाळी माझा पंप तू सांभाळायचास, आता तुझा मी सांभाळते.

तिनं थट्टेनं म्हटलं. मला ते सोसवलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, आता बोलून टाकावं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं उतरेल, आणि ती आपलीच आहे, हसून सोडून देईल. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी बोललो, दुसरं कारण नव्हतं. तेही आज कबूल करतो.

"होमापाशी तू माझ्याकडे बघितलंस," मी म्हटलं. "तां माका दिसलेलां गो. पैल्याच ओंजळीक."

ती घड्याळाकडेच बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची मजा गेली. कुणी रागावतं तशी नव्हे. आपल्याकडे एखादी वस्तू आहे असं धरून चालावं आणि उघडून बघावं तर ती नाही, तेव्हा माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला.

मग म्हणाली, "इतकी वर्सां माका वाटायचां, धुरात तुका दिसलां नसात."

म्हणजे एवढी वर्षं तिनं माझ्यासाठी एक कारण जपून ठेवलं होतं. भावाला दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यानं दिलाच असता. त्यावर ती आमच्याकडे सणावाराला येत होती, मला राखी बांधत होती, आपल्या मुलांना मामा किती मायाळू आहे म्हणून सांगत होती. आणि मी माझ्या छातीवरचं ओझं उतरवायला गेलो आणि तिचं तेवढं एकच कारण तिच्या हातातून काढून घेतलं.

मिनिट होऊन गेलं होतं. तिला ते आधी कळलं. माझ्या हातातला पंप तिनं घेतला, हलवला, परत माझ्या हातात दिला आणि श्वास आधी सगळा सोड म्हणाली, मघाच्याच आवाजात. मी सोडला. पंप तोंडाला लावला, दाबला. ती मोजायला लागली, एक, दोन, तीन, आणि चारच्या पुढं मला श्वास धरवेना.